तोकुजींनी काढलेला बर्फ

कावागुची, १६ जानेवारी २०१९

ताई,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात, हे तूच मला शिकवलंस. पण आज त्या सुचत नाहीयेत. काल वेलातची हजेरी होती.

वेलात कोण, ते तुला आधीच सांगायला हवं होतं. तू रागावशील म्हणून टाळलं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो. कुर्द आहे, तुर्कस्तानातल्या एका डोंगरी गावातला. त्याच्या थोरल्या भावाला शिपायांनी जेवणावरून उठवून नेलं, तो परत आलाच नाही. पुढचा नंबर वेलातचा होता. म्हणून अकरा वर्षांपूर्वी तो इकडे जपानात पळून आला. आश्रय द्या म्हणून तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नाही म्हणाले. मधली दीड वर्षं कोठडीत काढली. आमचा रविवारचा गट आहे ना, पाच म्हाताऱ्या आणि एक निवृत्त पोस्टमन, आम्ही तिथे कोंडलेल्या लोकांना भेटायला जायचो. मध्ये काच, अर्ध्या तासाची मुभा. तिथेच त्याची ओळख झाली. गेल्या उन्हाळ्यात त्याची तात्पुरती सुटका झाली, आणि त्याला जामीन राहिले मी. हो, मीच. ओरडू नकोस.

तात्पुरती म्हणजे दर दोन महिन्यांनी परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन कागदावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का मिळाला तर पुढचे दोन महिने आपले. नाही मिळाला तर त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या दाराने थेट कोठडीत, आणि मग एखाद्या दिवशी विमानात. आधी कोणी सांगत नाही. म्हणून त्याची बायको झोझान हजेरीच्या दिवशी एक पिशवी भरून देते. दोन बनियन, दातांचा ब्रश, मुलीचा फोटो. तो आत गेला की आम्ही दोघी खाली बाकावर बसून राहतो. ती काही बोलत नाही, मी बडबड करते. काल सव्वा तास लागला. तो जिन्यावरून उतरताना दिसला, तेव्हा पिशवी त्याच्या खांद्यावरच होती. शिक्का मिळाला होता.

पुढची हजेरी बारा मार्चला. तोवर त्याच्यासाठी विनंतीअर्ज गोळा करतोय. तू चाळीस वर्षं शिक्षिका होतीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. दोन ओळी लिहून देशील का? आधी माझ्याकडे पाठव, आम्ही सगळे एकत्र देतो.

तुझी,
शिगेनो


इइयामा, २१ जानेवारी

शिगे,

बर्फ खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत आला आहे आणि दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. अशी करायची असते सुरुवात. भीती वाटते म्हणून रीत सोडायची नसते.

तू जामीन राहिलीस! कोणासाठी, तर गल्लीच्या टोकाच्या माणसासाठी. लहानपणी रस्त्यातलं लंगडं कुत्रं घरी आणायचीस, तशीच राहिलीस. त्याच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं, मी काही दगड नाही. पण न पाहिलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहून देणार नाही. मुख्याध्यापकांच्या भाच्याला मी खोटा दाखला दिला नव्हता, त्यापायी तीन वर्षं डोंगरावरच्या शाळेत काढली. आता एक्याऐंशीव्या वर्षी सुरुवात करू?

माझंही ऐक. कात्सुहिरोने ओसाकात बसून नगरपालिकेला फोन केला, की आई एकटी असते, तिचं डोकं ठिकाणावर आहे का बघा. आईबद्दल असं बोलतात मुलगे हल्ली. ओबिनाता नावाची एक बाई परीक्षा घ्यायला आली. आज तारीख काय, वार काय. शंभरातून सात वजा करत चला. मी दोनापर्यंत जाऊन थांबले, ती मधेच पुरे पुरे म्हणत होती. मग म्हणाली, तीन शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा विचारीन. साकुरा, मांजर, आगगाडी. मी तिला चहा दिला, तिच्या अर्जातल्या लेखनाच्या दोन चुका दाखवल्या, आणि ती जायला निघाल्यावर फाटकापर्यंत मागून ओरडत गेले, साकुरा! मांजर! आगगाडी! बिचारी बर्फात घसरता घसरता वाचली.

परीक्षेत नापास झाले असते तर वृद्धाश्रमात नेणार होते. या घरातून मला फक्त आडवी करून नेता येईल, हे मी तिला सांगून ठेवलं आहे.

छपरावरचा बर्फ काढणारा आमचा माणूस पाय मोडून घरी बसला आहे. तुळया कुरकुरतात. पण बघू.

मित्सुए


कावागुची, १ फेब्रुवारी (जलद टपालाने)

ताई,

तुझ्या शेजाऱ्यांचा फोन आला. तुला ताप आहे म्हणे, आणि माजघराच्या छताला तडा गेलाय, आणि तू तिथेच खाली अंथरूण घालून पडली आहेस. तुला फोनवर ऐकू येत नाही, नाहीतर फोनवरच शिव्या घातल्या असत्या. माझा गुडघा हा असा. कात्सुहिरो म्हणतो पुढच्या आठवड्यात बघतो. पुढच्या आठवड्यात काय बघणार आहे, ढिगारा?

परवा तुझ्याकडे एक माणूस येईल. त्याला आत घे. जास्त काही विचारू नकोस.

शिगेनो


इइयामा, ८ फेब्रुवारी

शिगे,

तीन दिवस सलग ऊन आहे आणि पागोळ्या टपटपतायत. ताप उतरला. आता बस आणि नीट वाच.

रविवारी दाणे उधळून दैत्य हाकलायचा सण. अंगात ताप होता तरी मी भाजलेले सोयाबीन मापट्यात घेऊन दाराशी उभी राहिले. तुझे भावजी गेल्यापासून हे मीच करते. दार सरकवलं, मूठ उगारली, ‘दैत्य बाहेर’ म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर हा उंचच्या उंच मिशाळ माणूस! दाणे त्याच्या छातीवर गेले. तो घाबरला नाही, खाली बसून एकेक दाणा वेचून माझ्या मापट्यात टाकायला लागला. म्हणाला, “थोरल्या आई, शिगेनो मावशीने पाठवलं. शिडी कुठाय?”

मी लाजेने मरायची बाकी होते. अजून पुढचं ऐक. तू कोणीतरी येईल लिहिलंस, तेव्हाच मला संशय आला होता की तुझा तोच असणार. म्हणून मी आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या सुऱ्या रजयांच्या कपाटात लपवल्या होत्या. तो सकाळपासून दुपारपर्यंत छपरावर. त्याला गरम काहीतरी द्यावं म्हणून मुळा चिरायला घेतला, तर सुरी नाही. तो ओला होऊन उंबऱ्यावर बसलेला, आणि त्याच्या देखत मला रजया उपसून सुऱ्या बाहेर काढाव्या लागल्या. एकामागून एक, चार. तो बघत होता. मग म्हणाला, “आमच्या गावात माझी आजी पण असंच करायची. पाहुणा आला की सुऱ्या कणग्यात.” आणि हसला. मीही हसले, शिगे. कित्येक महिन्यांनी हसले असेन.

दोन दिवस राहिला. सगळं छप्पर मोकळं केलं, तुळईला टेकू दिला. साखरेचा खडा दातात धरून वरून चहा पितो. मुलीबद्दल बोलताना आवाज एकदम बारीक होतो. काही घ्यायला तयार नाही. शेवटी भावजींचे बर्फातले बूट बळेबळे पायात घालायला लावले, त्याला अगदी बसले. पालेभाजीचं लोणचंही दिलं आहे, त्यातलं तुझं वेगळं बांधलं आहे, सगळं तूच खाऊ नकोस.

माझी चूक झाली होती. हे वाक्य मी तुला पत्रात पहिल्यांदाच लिहिते आहे, जपून ठेव.

मित्सुए


कावागुची, १४ फेब्रुवारी

ताई,

वाक्य जपून ठेवलंय, कपाटात, सुऱ्यांच्या जागी.

तू बरी झालीस, घर वाचलं, माझ्या जिवात जीव आला. लोणचं पोचलं. झोझानने चपातीत गुंडाळून खाल्लं आणि तिला ते आवडलं, त्यामुळे आता तुला दरवर्षी दोन बरण्या पाठवाव्या लागणार.

एक सांगायचं होतं. तो तुझ्याकडे येऊन गेला त्याचा फार गाजावाजा करू नकोस. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सांगितलं असशील, ते असू दे. पण त्याला आवडत नाही तसलं.

इथे बारा मार्च जवळ येतोय तसं झोझानचं जेवण कमी होतंय. आमच्या ओळखीतल्या एका घानाच्या माणसाला परवा शिक्का मिळाला नाही. सकाळी गेला तो गेलाच. त्याची सायकल अजून स्टेशनाबाहेर उभी आहे, ती आणायला जायचं कोणाला धैर्य होत नाही.

शिगेनो


इइयामा, २६ फेब्रुवारी

शिगे,

ओढ्याच्या कडेला पहिली कोवळी पानं वर आली आहेत, बर्फाला भोक पाडून.

तू म्हणालीस त्याला गाजावाजा आवडत नाही. चांगल्या माणसांचं असंच असतं, स्वतःचं केलेलं स्वतः सांगत नाहीत. म्हणूनच दुसऱ्याने सांगायला हवं. मी विनंतीअर्ज लिहिला. आता मी त्याला पाहिलं आहे, तेव्हा लिहायचा मला अधिकार आहे. चार पानं झाली. मोघम नाही लिहिलं तुमच्या गटासारखं, ‘हा सज्जन आहे’ वगैरे. असल्या दाखल्यांना कोण विचारतं! तारीख, वार, ठिकाण, सगळं लिहिलं. तीन आणि चार फेब्रुवारी, इइयामा, माझ्या घराचा पूर्ण पत्ता, किती हात बर्फ होता, छप्पर किती वेळात मोकळं केलं. भावजींचे बूट दिले तेही. खाली सही, नावाचा शिक्का.

तू हरवशील म्हणून तुझ्याकडे पाठवला नाही. आज सकाळी मी स्वतः पोस्टात जाऊन कचेरीच्या पत्त्यावर नोंदणी टपालाने टाकला. पावती माझ्याकडे आहे.

बाराला शिक्का मिळाला की कळव.

मित्सुए


कावागुची, १ मार्च (जलद टपालाने)

ताई, काय केलंस हे!

त्याला आमच्या प्रांताची हद्द ओलांडायची परवानगी नाही. सुटका झाली तेव्हाच्या कागदावर लिहिलंय. हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवाना काढायचा, आणि तो मिळायला दोन आठवडे. तुझं छप्पर दोन आठवडे थांबणार होतं का? कामही करायचं नाही, कसलंच, कोणासाठीच. दोन्ही मोडून तो तुझ्याकडे आला. मी नको म्हणाले होते. हात जोडले होते. तो म्हणाला, “मावशी, म्हातारीच्या डोक्यावर छप्पर पडतंय आणि मी काय परवाना बघत बसू?” आणि गेला. साध्या गाड्या बदलत गेला, आणि निम्मा रस्ता गाडीच्या संडासात उभा राहून. कोणी कागद विचारला असता तर तिथेच संपलं असतं सगळं.

आणि तू तारीख, वार, पत्ता लिहून, शिक्का मारून, नोंदणी टपालाने पाठवलंस. अर्ज नाही तो, ताई, पुरावा आहे. त्याच्याविरुद्ध याहून पक्का पुरावा कचेरीने शोधूनही मिळाला नसता.

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोचलेलं पत्र परत मागता येत नाही. बाराला त्याच्या फाइलमध्ये ते असणारच. तुम्ही तीन फेब्रुवारीला कुठे होतात, असं विचारतील. खोटं बोलला आणि पकडला गेला तर आणखी वाईट. खरं बोलला तर कोठडी. आणि यावेळी कोठडीतून सरळ विमान, कारण आता अट मोडली आहे. उतरल्या उतरल्या त्याला कोण घ्यायला उभं असेल, ते त्याच्या भावाला विचार!

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला अजून सांगितलं नाही. वेलातला सांगितलं. तो म्हणाला, “त्यांना रागावू नका.” मी रागावणार. तुझ्या त्या हुशारीवर, तुझ्या त्या अचूकपणावर मला इतका राग आलाय की काय सांगू. कधी नव्हे ते एकदा विसरली असतीस तर काय झालं असतं?

शिगेनो


इइयामा, ३ मार्च

शिगे,

मला माहीत नव्हतं. हे तू मला सांगायला हवं होतंस. ‘आवडत नाही’ म्हणजे ‘मनाई आहे’ हे मी कसं ओळखायचं?

पत्र परत मागता येत नाही, हे समजलं. एवढंच विचारते. पत्र लिहिणारीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे कचेरी कशावरून ठरवते? वकीलबाईंना विचारू नकोस. कोणालाच विचारू नकोस.

मित्सुए


कावागुची, ९ मार्च (जलद टपालाने)

ताई,

सहा दिवस झाले, तुझं काही नाही. आज कात्सुहिरोचा फोन आला. मला वाटलं तू गेलीसच.

तो म्हणाला, मंगळवारी तू स्वतः ओबिनाताबाईंना बोलावून घेतलंस आणि सांगितलंस की भावजी छपरावरून उतरत नाहीयेत, चहा गार होतोय. त्यांनी तुझी पुन्हा परीक्षा घेतली. तू वार चुकलीस. वजाबाकी चुकलीस. डॉक्टरांनी दाखला दिला. कात्सुहिरो फोनवर रडत होता. म्हणाला, आईचं असं दीड महिन्यात कसं झालं, मावशी?

मला माहीत आहे कसं झालं. माझ्या पत्राने झालं. तुझ्यासारख्या बाईला मी लिहिलं की एकदा विसरली असतीस तर काय झालं असतं. ताई, मला क्षमा कर. रागाच्या भरात लिहिलं होतं. मी आत्ता निघून आले असते, पण बाराला हजेरी आहे आणि जामीन म्हणून मला तिथे जावंच लागतं. एकीकडे तू, एकीकडे तो. दोन्हीकडे माझ्यामुळेच.

मला ओळखतेस ना गं? एवढं तरी लिही. नुसतं नाव लिही माझं.

शिगेनो


कावागुची, १३ मार्च

ताई,

काल सकाळपासून बारीक पाऊस होता. बघ, लिहिलं हवापाणी. तुला हे पत्र कोणी वाचून दाखवत असेल, की तू स्वतः वाचत असशील, मला काही कळत नाही. तरी सगळं सांगते.

भावजींचे बूट तो रोज वापरायचा, ते मी आधीच काढून ठेवायला लावले होते. आतल्या बाजूला शाईने भावजींचं नाव आहे. काल तो कापडी बूट घालून आला, पावसात चिंब भिजलेले. झोझानने यावेळी पिशवीत दोनऐवजी चार बनियन घातले होते. तो आत जाताना वळून बघत नाही, काल बघितलं. मुलगी शाळेत गेली होती. तिला घरी काय सांगायचं, याचा विचार करत आम्ही बाकावर बसलो. मी एक शब्दही बोलले नाही.

पाऊण तास झाला आणि माझं नाव पुकारलं. जामीनदार आत या.

वेलात एका खुर्चीवर, मांडीवर पिशवी. समोर चाळिशीचा अधिकारी, डोळे तांबारलेले. टेबलावर तुझं चार पानी पत्र, आणि त्याच्या शेजारी दुसरं. तेही तुझंच. मी लांबूनच ओळखलं, पण अक्षर वाकडंतिकडं, ओळी खाली घसरलेल्या. त्यावर तारीख होती तीस फेब्रुवारी. तीस फेब्रुवारी, ताई! आणि त्याला जोडलेला डॉक्टरांचा दाखला.

अधिकाऱ्याने ते मला वाचून दाखवलं. ‘मागच्या पत्रात एका परदेशी माणसाने बर्फ काढला असं चुकून लिहिलं. बर्फ माझे पती तोकुजी यांनी काढला. ते दरवर्षी काढतात. दाणे उधळायच्या दिवशी आले होते, बूट घेऊन गेले. परदेशी माणसाबद्दल माझ्या बहिणीने पत्रात लिहिलं होतं, त्यामुळे माझा घोटाळा झाला. बहीण फार लिहिते.’

“तुमचे मेव्हणे?” त्याने मला विचारलं.

“सहा वर्षं झाली जाऊन,” मी म्हटलं.

“म्हणजे तुमच्या बहिणीचं डोकं...” तो थांबला. वेलातच्या ओल्या बुटांकडे बघत होता. “दोनातलं एक पत्र खरं असेल. तुम्ही जामीन आहात. तुम्ही सांगा. तुमची बहीण शुद्धीवर आहे का?”

ताई, मी तिथे खाली मान घातली आणि म्हणाले, नाही. माझ्या बहिणीला भ्रम झाला आहे. तिला काही आठवत नाही. अख्ख्या इइयामात जिच्याएवढी लख्ख बाई नाही, तिच्याबद्दल मी हे परक्या माणसासमोर बोलले. आणि रडायला लागले, ते काही नाटक नव्हतं. वेलात काहीतरी बोलणार होता, त्याचा सरळपणा मला माहीत आहे, मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

अधिकाऱ्याने तुझं दुसरं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, “माझी आई रोज संध्याकाळी वडिलांचं ताट मांडते.” दोन्ही पत्रं त्याने एकावर एक ठेवून फाइलमध्ये सारली. आणि शिक्का मारला. चौदा मेपर्यंत.

खाली झोझानने पिशवी हातात घेतली आणि जमिनीवरच बसली. लोक वळसा घालून जात होते.

शिक्का मिळाला म्हणून मी आनंद करायला हवा, पण मला झोप नाही. खरं सांग मला. भावजी दिसले होते का तुला छपरावर? की नव्हते? जे असेल ते सांग, मी ऐकून घेईन.

शिगेनो


इइयामा, २ एप्रिल

शिगे,

बर्फ वितळून नदी गढूळ झाली आहे. या खोलीच्या खिडकीतून ती दिसते, तेवढं एक चांगलं आहे. पाकीट मी स्वतः चिकटवलं आहे आणि ओबिनाताबाई पोस्टात टाकणार आहेत. वाचून झालं की शेगडीत घाल. हे सांगितल्याप्रमाणे कर, माझी पत्रं जपून ठेवायची तुला खोड आहे.

भावजी दिसले नाहीत. सहा वर्षांत एकदाही दिसले नाहीत, दिसले असते तर बरं झालं असतं.

तुझं एक मार्चचं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आयुष्यभर खरं तेच लिहिलं, आणि त्या खऱ्यानेच एका माणसाला फासावर नेऊन उभं केलं होतं. खरं परत घेता येत नाही. मग मला सुचलं, की लिहिणारीलाच मोडीत काढलं तर? म्हातारीचं डोकं फिरलं हे लोकांना किती पटकन पटतं बघ! शहाणी आहे हे पटवायला मला जानेवारीत दोन तास लागले होते. वेडी आहे हे दहा मिनिटांत पटलं.

वजाबाकीत त्र्याण्णवनंतर नव्वद म्हणाले. जीभ रेटत नव्हती. तारखेसाठी तीस फेब्रुवारी लिहिताना हात खरंच थरथरला, त्यामुळे अक्षर आपोआप वाईट आलं. सगळ्यात कठीण ते तीन शब्द. आठवत असताना विसरायचं कसं? ओठ घट्ट मिटून बसले. बिचाऱ्या ओबिनाताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना फसवल्याचं मला फार वाईट वाटतं. कात्सुहिरोचंही. तो आला होता, मला त्याच्या नावाऐवजी भावजींच्या नावाने हाक मारावी लागली.

तू मला भ्रमिष्ट म्हणालीस ते बरोबर केलंस. तुला आधी सांगितलं असतं तर तुला रडू आलं नसतं, आणि तुला नाटक कधीच जमलं नाही. म्हणून कळवलं नाही. त्याबद्दल क्षमा माग म्हणशील तर मागते.

अठ्ठावीस तारखेला मला इथे वृद्धाश्रमात आणलं. आडवी नाही, चालत आले. घर बंद आहे. पुढच्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढायला कोणी नसेल, तेव्हा ते बसेल. बसू दे. वेलातला यातलं काही सांगू नकोस. तो शिडी शोधत येईल, नाहीतर सरळ कचेरीत जाऊन सगळं कबूल करील, असला माणूस आहे तो. बूट मात्र त्याला वापरू दे. हजेरीचा दिवस सोडून.

चौदा मेला पुन्हा शिक्का. मग जुलैत, मग सप्टेंबरात. माझी पत्रं त्याच्या फाइलमध्ये कायम राहणार, तेव्हा जोवर त्याला शिक्का लागतो तोवर मला बरं होता येणार नाही. इथे रोज सकाळी विचारतात, आज वार कोणता. मी रोज चुकीचा सांगते आणि खोलीत येऊन बरोबर वार पुटपुटते. शिगे, मला भीती वाटते. मरणाची नाही. रोज मुद्दाम चुकता चुकता एखाद्या दिवशी खरंच चुकेन, आणि चुकले हे मला कळणारही नाही.

म्हणून असं करू. तुझ्या प्रत्येक पत्राला मी उत्तर लिहीन आणि शेवटी एक ओळ घालीन. ती बरोबर असली तर निश्चिंत रहा. ज्या पत्रात ती चुकेल, त्या दिवशी निघून ये, गुडघा दुखत असला तरी ये.

मित्सुए

साकुरा, मांजर, आगगाडी.